तुम्ही विचारलंत म्हणून: ओव्याच्या पानांचं भजी सोडून काय करायचं?

घरी पहिल्यांदा आलेला माणूस आमच्या गॅलरीत गेला की एका कुंडीपाशी हमखास थांबतो. पान चुरगाळतो, नाकाशी नेतो, "अरे, हा तर ओवा!" म्हणतो. मग ठरलेला प्रश्न येतो: भजी सगळेच करतात, तुम्ही याचं आणखी काय करता? ठाण्यात निम्म्या गॅलऱ्यांमध्ये ही कुंडी असते. ती वर्षानुवर्षं वाढते, वर्षातून एखाद्या पावसाळी संध्याकाळी तिची पाच-सहा पानं बेसनात बुडतात आणि बाकीची पिवळी पडून गळतात. म्हणून प्रश्न रास्तच आहे.

माझं उत्तर असं, की पालेभाजी म्हणून याचं काहीच करत नाही, मसाला म्हणून बरंच करतो. हे पान हिंगासारखं वागवायचं: थोडं घ्यायचं, स्निग्धात परतायचं आणि रोजच्या रोज घालायचं नाही. जाड, मांसल, हिरवंगार दिसतं म्हणून लोक जुडीभर पानं चिरून भाजीत टाकतात. मग सगळं घर खोकल्याच्या औषधासारखं वास मारतं आणि पान कायमचं बदनाम होतं.

या प्रश्नाचा एक जोडप्रश्न असतो, तो आधी उरकतो. "याला ओवा कधी लागणार?" कधीच नाही. आपला फोडणीतला ओवा कोथिंबीर, जिरं, बडीशेप यांच्या कुळातला आणि हे पान तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. नातं फक्त वासाचं. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं. या पानाच्या तेलात थायमॉल आणि त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा कार्व्हॅक्रॉल हा घटक असतो. नाकाला तेवढं पुरतं. खरा भाऊबंद बघायचा असेल तर लोणच्याच्या दुकानात माईनमूळ मागा. तेही याच वंशातलं, फक्त तिथे मुळं खायची.

या वंशाला शास्त्रज्ञ कोलियस म्हणतात. ते नाव १७९० साली लुरेरो या पोर्तुगीज धर्मगुरूने आपल्या ग्रंथात दिलं, तेही याच झाडावरून. जातीचं नाव पडलं इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून. झाडाचं मूळ मात्र आफ्रिकेच्या पूर्व-दक्षिण भागात मानतात. जिथे जिथे थंडी गोठवणारी नाही तिथे हे पोचलं आणि प्रत्येकाने त्याला आपल्याच ओळखीच्या वासाचं नाव दिलं. आपण ओवा म्हटलं, अमेरिकेतल्या नर्सऱ्यांनी क्युबन ओरेगॅनो म्हटलं.

आता स्वयंपाकाकडे. भज्यांना मी नावं ठेवत नाही, नीट केली तर ती फार छान होतात. पण पान धुतल्यावर फडक्याने दोन्ही बाजूंनी टिपलंच पाहिजे. त्यावर बारीक लव असते, तिच्यात पाणी अडकतं. मग पीठ धरत नाही आणि तेल उडतं. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, हळद, तिखट, मीठ. सोडा नको, तेल पितात. पिठात ओवा तर मुळीच नको. लोक सवयीने घालतात; पण ओव्याच्या पानाला आणखी ओवा कशाला? पानं मध्यम आकाराची घ्या, फार मोठी असली की मधली शीर दाताखाली येते. आणि ही भजी वाट बघत नाहीत. पानात पाणी खूप, ताटात पाच मिनिटं राहिली की आतून वाफ सुटून कवच मऊ पडतं. त्यामुळे करणाऱ्याने कढईपाशी आणि खाणाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं हे बरं.

माझं मत खरं बदललं ते सासुरवाडीला. ती सिरसीकडची, म्हणजे कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातली. तिकडे या पानाला दोड्डपत्रे म्हणतात आणि त्याची तंबुळी करतात. तंबुळी म्हणजे ताकातलं पातळ वाटण, न उकळलेलं, गार, भाताबरोबर जेवणाच्या सुरुवातीला घ्यायचं. ब्राह्मीच्या पानांची होते, मेथीदाण्यांची होते, परसात जे उगवेल त्याची होते. उन्हाळ्यात दुपारी दुसरं काही नको वाटतं तेव्हा तंबुळी-भात आणि वर पापड हे पूर्ण जेवण आहे. आपल्याकडे सोलकढीची जी जागा, साधारण ती. फक्त ही शेवटी ओंजळीत घ्यायची नसते, पहिल्या भातावर ओतायची असते.

कृती अगदी छोटी. चमचाभर तुपात अर्धा चमचा जिरं आणि चार-पाच मिरे तडतडू द्यायचे, त्यात दहा-बारा पानं हातानेच तोडून टाकायची. आच मंद. पानं आधी पाणी सोडतात, मग एकदम बसतात. मूठभर होती ती चमचाभर होतात आणि रंग हिरव्यावरून शेवाळी होतो. इथे घाई करायची नाही. कच्चेपणाचा झणका जाऊन गोडसर वास येईपर्यंत परतायचं. गार झालं की दोन-तीन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर अगदी मऊ वाटायचं, वाटीभर घुसळलेल्या ताज्या दह्यात कालवायचं, मीठ घालायचं, हवं तेवढं पाणी घालून सैल करायचं. वरून तुपाची फोडणी: मोहरी आणि एक सुकी मिरची. झालं. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, दही फाटतं. ताक आंबट असेल तर खोबरं थोडं वाढवा.

हे का जमतं, ते एकदा लक्षात आलं की मग पाककृतींची गरज उरत नाही. पानाचा सगळा झणका त्याच्या तेलात असतो आणि ते तेल पाण्यात विरघळत नाही, तुपात आणि खोबऱ्यात विरघळतं. नुसत्या पाण्यात उकळलेलं पान म्हणून तर काढा लागतं. तुपात परतलं की तोच वास सगळ्या पदार्थात सारखा पसरतो, एका घासात येऊन जिभेला चावत नाही. वर दह्याची आंबट बाजू. म्हणून ताकाच्या कढीतही हे पान उत्तम: फोडणीत कढीपत्त्याबरोबर दोन पानं चुरडून टाका, आलं निम्मं करा. घरचे ओळखत नाहीत, दुसऱ्यांदा वाढून घेतात.

चटणीही याच वाटेची. थोड्या तेलात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ लाल करून घ्यायची, सुकी मिरची परतायची, मग पानं बसेपर्यंत परतायची. खोबरं, चिंचेचं बुटुक, मीठ. डोशाबरोबर छान लागते. मला ती गरम भाकरी आणि कच्च्या तेलाबरोबर जास्त आवडते.

बाकी साधा हिशेब असा: जिथे आपल्या घरी ओव्याची फोडणी पडते, तिथे हे पान आजमावून बघायचं. गवारीला आपण वातूळ म्हणून ओवा घालतोच, तिथे तीन-चार पानं बारीक चिरून फोडणीत घातली तर गवार जरा सभ्य होते. बटाट्याच्या काचऱ्यांना चालतं. थालिपिठाच्या भाजणीत कांद्याबरोबर बारीक चिरून मळलं तर फारच चांगलं. तव्यावर तेल सोडल्यावर जो वास सुटतो त्याने शेजारचे विचारायला येतात. पण चकली, शंकरपाळी, तिखटमिठाच्या कडक पुऱ्या यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे ओव्याचा कोरडेपणा हवा असतो. पानातलं पाणी पिठात उतरतं, पदार्थ मऊ पडतो, टिकत नाही. आणि कोथिंबिरीसारखं वरून भुरभुरायचं तर नाहीच. पोह्यांवर कच्चं ओव्याचं पान घातलेलं मी खाल्लं आहे. यजमानांचा आदर राखून एवढंच म्हणतो की चहा लवकर आला ते बरं झालं.

मांसाहारी घरांत तर हे पान बेकार पडलेलं बघून जीव हळहळतो. बांगड्याच्या हिरव्या वाटणात कोथिंबीर, लसूण, मिरची, आलं यांच्या जोडीला दोनच पानं घाला. बांगड्याचा जो उग्र तेलकट वास असतो त्याच्यासमोर उभं राहायला एवढंच उग्र काहीतरी लागतं. पापलेटला नको, तो बिचारा झाकला जाईल. कॅरेबियन बेटांवर, त्रिनिदादमध्ये, मासे-मटणाला लावायचं हिरवं वाटण घरोघरी बाटलीत भरून ठेवतात, त्यात हे जाड पान असतंच.

आता औषधाबद्दल, कारण ते कोणीतरी विचारणारच. केरळात तान्ह्या मुलांच्या सर्दीला हे पान वाफवून रस काढतात, व्हिएतनाममध्ये खडीसाखरेबरोबर वाफवून खोकल्याला देतात. सुमात्रातले बटाक लोक बाळंतिणीला दूध यावं म्हणून याच पानांचं कालवण खाऊ घालतात. हे वाचलं तेव्हा मला मजा वाटली, कारण आपणही बाळंतिणीला ओवा देतोच. झाड वेगळं, समुद्र मध्ये, आणि दोन्हीकडच्या आज्या एकाच वासापाशी पोचल्या. पण मी डॉक्टर नाही. मोठ्या माणसाचा घसा धरला तर पान मिठाच्या खड्याबरोबर चघळावं, बरं वाटतं. तान्ह्या बाळाला काही द्यायचं असेल तर ते माझ्या गॅलरीवरून ठरवू नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

लावायचं कसं? रोप विकत घेऊ नका, मागा. या झाडाला आपल्याकडे फुलं क्वचित येतात, फिकट जांभळ्या तुऱ्याची, आणि बी जवळजवळ धरतच नाही. म्हणजे गॅलऱ्यागॅलऱ्यांत जी झाडं आहेत ती सगळी कोणाच्या तरी झाडाची फांदी आहेत. नर्सरीत पांढऱ्या कडांचं पान मिळतं ते दिसायला सुरेख. पण खाण्यासाठी मी साधं हिरवंच घेतो.

बोटभर लांबीचा, कोवळा पण लिबलिबीत नसलेला शेंडा पेराच्या खाली तोडायचा. खालची पानं काढायची, ती लगेच चटणीला. काडी दोन-तीन तास सावलीत तशीच ठेवायची, म्हणजे कापलेली जागा सुकते आणि सडत नाही. मग कुंडीत. माती, वाळू, शेणखत, आणि वाळूचा हात सढळ. नुसतं कोकोपीट भरू नका, ते पाणी धरून बसतं. काडी दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते. पेल्यात पाण्यात ठेवली तरी मुळं फुटतात, पण तशी काडी नंतर मातीत रुळायला कुरकुरते.

ऊन किती, यावर पान कसं येणार ते ठरतं. दिवसभर कडक उन्हात पानं लहान, जाड, पिवळट होतात आणि वास असा की एका पानात काम होतं. सावलीत पानं तळहाताएवढी, मऊ, पण झाड लांबुळकं आणि वास फिका. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन मला सगळ्यात बरं वाटतं. भज्यांना पानं हवी असतील तर थोडी सावली, तंबुळीला हवी असतील तर थोडं जास्त ऊन. शेंडे खुडत राहा, त्याशिवाय झुडूप होत नाही. खुडलेलं खायचंच असतं, त्यामुळे हे झाड खाणाऱ्याच्या घरी नेहमी जास्त चांगलं दिसतं.

हे झाड पाण्याअभावी मरत नाही, पाण्याने मरतं. पानातच पाणी साठवलेलं असतं, आठवडाभर गावाला गेलात तरी फार तर मान टाकेल. मातीत बोट घालून बघायचं, वरचा थर कोरडा असेल तरच पाणी. जून ते सप्टेंबर कुंडी गॅलरीच्या आतल्या बाजूला, जिथे पावसाचे शिंतोडेसुद्धा येत नाहीत अशा जागी. खोड जमिनीलगत काळं आणि मऊ पडलं की ते वाचवत बसू नका. वरचा निरोगी शेंडा तोडून नवी काडी लावा. एरवीही दीड-दोन वर्षांत खोड लाकडी होतं, पानं विरळ येतात, तेव्हा हेच करायचं. पिठ्या ढेकूण पेरांत कापसासारखा दिसला तर साबणाच्या सौम्य पाण्यात कापडाचा बोळा बुडवून पुसून काढा. खायचं पान आहे, फवारे नकोत.

साठवायचं म्हणाल तर साठवू नका. फ्रिजमध्ये पानं काळवंडतात आणि जाड पान आपल्या दमट हवेत धड वाळतही नाही. लागतील तेवढी, लागतील तेव्हा खुडा.

परदेशातून सुट्टीला आलेली मंडळी शेवटी हळूच विचारतात, एक फांदी बॅगेत घालून नेऊ का? नको. जिवंत रोपावर बहुतेक देशांत परवान्यांची आणि तपासणीची भानगड असते, विमानतळावर फांदीही जाते आणि वेळही. तिकडच्या नर्सरीत क्युबन ओरेगॅनो मागा, पान चुरगाळून वास घ्या, लगेच कळेल. एक बघा: आपल्या ओव्याचा वास आला पाहिजे, कारण पिझ्झ्यावरचा ओरेगॅनो हे वेगळंच, बारीक पानाचं झाड आहे. उन्हाळाभर बाहेर ठेवा आणि पारा दहाच्या खाली जायच्या आत कुंडी घरात आणा, खिडकीशी, हीटरपासून लांब. हिवाळ्यात पाणी आणखी कमी. पहिल्या कडाक्याला बाहेर राहिलं तर एका रात्रीत काळं पडेल, म्हणून सप्टेंबरातच एक काडी पेल्यात घालून ठेवलेली बरी.