हमीपत्रातलं क्रियापद

चाकणमध्ये एका चिनी कंपनीच्या कारखान्यात कामगारांच्या हमीपत्राची मराठी प्रत पक्की करायची होती. दुभाषी म्हणून मी. वेळा, रजा, हेल्मेट, मोबाइल, सगळं जेवणाआधी उरकलं. अडलं लाचेच्या कलमावर. चिनी मसुद्यात होतं, लाचखोरीला स्वतःहून ‘दीच्र’ करावं. एजन्सीने मशीनकडून मराठी करून घेतलं होतं: ‘बहिष्कार टाकावा’. पानामागे पैसे मिळाले की एजन्सीला पुढचं काही दिसत नाही.

एचआरचे साहेब दचकले. “मॅडम, बहिष्कार नको. 2020 ची आठवण नको कुणाला.”

गंमत म्हणजे गलवाननंतर आपल्याकडे चिनी मालाविरुद्ध जे चाललं, त्यालाही चिनी बातम्या दीच्रच म्हणत होत्या. 1905 साली चिनी मजुरांना मज्जाव करणाऱ्या अमेरिकेच्या कायद्यावर चिडून शांघायच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकी माल नाकारला, तेही दीच्र. त्याच वर्षी पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली होती. पण चिनी माणूस मोहाला, अफवांनाही दीच्र करतो. शत्रूशी, रोगाशी झुंजायचं तर ‘दीखांग’. नुसतं नको म्हणायचं तर ‘च्यूच्युए’. दीच्र म्हणजे आत शिरू पाहणाऱ्या गोष्टीला शिरू न देणं. पहिल्या अक्षरात डावीकडे हात, दुसऱ्यात उजवीकडे सुरी. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची सहावी पातळी देणारी मुलं ‘बॉयकॉट’ एवढंच घोकतात, आणि शिकवणारेही तिथेच थांबतात.

मी सुचवलं, “लाचखोरीला थारा देणार नाही.”

कामगारांतर्फे बसलेले काका म्हणाले, “म्हंजे आपण घ्यायची नाही, का सुपरवायझर घेताना दिसला तर त्यालाबी अडवायचं?”

दिवसभरातला एकमेव नेमका प्रश्न. मी तो चिनी व्यवस्थापकांना विचारला. ते हसले. हे वाक्य सगळीकडेच असतं म्हणाले, सगळ्यांना कळतं. ‘सगळ्यांना कळतं’ म्हणणाऱ्यांनीच दुभाष्याचे केस पांढरे होतात.

साहेबांनी घाईने लिहून टाकलं, ‘लाच घेणार नाही, देणार नाही.’ मी ते च्यूच्युए वापरून चिनीत परत सांगितलं. व्यवस्थापकांनी पेन थांबवलं. “हे मवाळ झालं,” म्हणाले, आणि सही केली.

चिनी प्रतीत मात्र दीच्र तसंच राहिलं. खाली ओळ आहे, दोन्ही प्रती सारख्याच ग्राह्य. काकांचा प्रश्न मी अजून चिनी मित्रमैत्रिणींना विचारते. दोघांचं उत्तर एक येत नाही.