कंबोडिया, बाबा आणि एक फाटकी नोट

परवा बेळगावच्या खडेबाजारात एक जुना मित्र भेटला, म्हणाला, "काय ओ, कंबोडियाला जाऊन आलास म्हणं, काय हाय तिथं? लोक बालीला जातात, थायलंडला जातात, तू कुठं मधेच शिरलास?" रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. आधीच दीड-दोन वर्षं आळस केलाय.

कारण एकच, बाबा. खानापूर तालुक्यात आयुष्यभर मराठी शाळेत मास्तरकी केली, त्यात निम्मी वर्षं इतिहास शिकवला, आणि पुस्तकातलं कंबोडियाच्या त्या अंगकोर वाट देवळाचं धुरकट चित्र पोरांना दाखवत राहिले. रिटायर झाल्यावर एकदा जेवताना सहज म्हणाले, "तेवढं एक बघायचं राहिलं बघ." झालं. 2024 च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्या झाल्या, मी, दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि आई-बाबा असे सहाजण निघालो. राणी चन्नम्मानं बेंगळूर, तिथनं विमानानं क्वालालंपूर, तिथनं अंगकोरजवळचं गाव सिएम रीप. आईच्या पिशवीत शेंगाचटणी, दशम्या आणि दोन किलो कुंदा. कुंदा कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, "परक्या गावाला रिकाम्या हातानं जायचं असतंय काय?"

सिएम रीपचं नवीन विमानतळ 2023 मध्ये सुरू झालंय, गावापासून चांगलं तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळं हॉटेलकडून गाडी आधीच सांगून ठेवा. तिथं पैसे दोन प्रकारचे चालतात, डॉलर आणि रिएल. साधारण चार हजार रिएलला एक डॉलर असा हिशोब. मोठं बिल डॉलरमध्ये आणि सुट्टे परत येतात रिएलमध्ये, त्यामुळं दोन दिवसांत खिसा नोटांनी फुगतो आणि आपण श्रीमंत झालोय असं उगाच वाटायला लागतं.

आता पहिली फजिती. बेळगावात एका ठिकाणी डॉलर बदलून घेतलेले, त्यात वीसची एक नोट होती, तिच्या कडेला नखाएवढी फाट. मी बघितलीच नव्हती. सिएम रीपच्या एका दुकानातल्या पोरीनं नोट दिव्याकडं धरली, उलटी केली, बोटानं ती फाट दाखवली आणि गोड हसून परत दिली. दुसऱ्या दुकानात तेच, टुकटुकवाल्यानं तेच, हॉटेलात तेच. फाटकी, पेनानं लिहिलेली, शिक्का मारलेली डॉलरची नोट तिथं कुणी हातात धरत नाही. आपल्याकडं दहाची नोट चिकटपट्टी लावून लावून अजून बाजारात फिरते आहे, आणि इथं ही! तेव्हा जाणार असाल तर एकेक नोट तपासूनच घ्या.

अंगकोरच्या देवळांचं तिकीट एका दिवसाला 37 डॉलर आणि तीन दिवसांना 62, तिकिटावर आपला फोटो छापून देतात. तीन दिवसांचंच घ्या. ते दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतं, म्हणजे मधे एक दिवस म्हाताऱ्या माणसांना आराम देता येतो. एका दिवसात सगळं उरकणारे लोक बघितले मी, देवळांपेक्षा गाडीच्या सीटवरच जास्त वेळ.

सगळेजण पहाटे साडेचारला उठून अंगकोर वाटला सूर्योदय बघायला जातात, आम्हीही गेलो. तळ्याच्या काठी अंधारात हजार माणसं मोबाईल वर करून उभी, आणि आभाळात ढग. सूर्य आला तो ढगाच्या मागनं कधी वर गेला कळलंच नाही. माझं मत विचाराल तर झोपा खुशाल, आणि दुपारनंतर जा. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, संध्याकाळचं ऊन सरळ अंगावर येतं आणि सगळा दगड उजळतो.

देऊळ बाराव्या शतकातलं, दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बांधलेलं, विष्णूचं. भोवतीचा खंदक बघूनच आई म्हणाली, "ह्याला खंदक म्हणतात? आपल्या किल्ल्याचा खंदक म्हणजे ह्याच्यापुढं गटार की." जवळजवळ 190 मीटर रुंद आहे तो. पश्चिमेच्या दरवाज्यातच आठ हातांची विष्णूची उंच मूर्ती आहे, पण अंगावर भगवं वस्त्र, पुढं उदबत्त्या, आणि तिथले लोक बौद्ध. त्यांच्या दृष्टीनं तो ता रीच, जागेचा राखणदार देव. बाबा मला समजावून सांगायला लागले की हा मूळचा आपला विष्णू, वगैरे. तेवढ्यात आईनं चप्पल काढली, त्या बायकांच्या शेजारी बसली, एक उदबत्ती मागून घेतली आणि लावली पण. तिला प्रश्नच पडला नव्हता.

पण खरी मजा भिंतींवर. पूर्वेच्या सज्जात समुद्रमंथन कोरलंय, जवळपास पन्नास मीटर लांब, एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मधे कासवावर विष्णू, वर अप्सरा, खाली पाण्यात मासे-मगरी, आणि ओढण्याच्या ताकदीनं मधल्या भागातल्या माशांचे पार तुकडे तुकडे झालेत. बाबा एका टोकाकडनं चालत निघाले, ओठातल्या ओठात मोजत. दुसऱ्या टोकाला पोचले आणि थांबले. "अरे, हा मारुती इथं कसा?" बघतो तर खरंच, देवांच्या शेवटाला वासुकीची शेपूट धरून एक मोठं माकड उभं. "समुद्रमंथनात मारुती नसतोय." मग दहा मिनिटं तेच. पोरांच्या पेपरात चूक सापडल्यावर मास्तरांचा चेहरा व्हायचा ना, तस्सा. पुतण्या म्हणाला, "आजोबा, असू दे की, त्यांची गोष्ट त्यांनी सांगितलीय." ह्यावर बाबा गप्प झाले, पण चष्मा पुसून परत एकदा जवळ जाऊन बघून आले.

पश्चिमेच्या सज्जात कुरुक्षेत्र आहे, तिथं बाणांच्या शय्येवरचे भीष्म वहिनीनं सगळ्यात आधी ओळखले, गाईडनं सांगायच्या आत. दुसऱ्या अंगाला लंकेची लढाई. ह्या भिंतींना निदान दोन तास द्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर जायला उभा जिना आहे आणि खांदे-गुडघे झाकलेले लागतात. दादा थ्रीफोर्थ घालून आलेला. त्याला परत पाठवलं. खाली येऊन हत्तींच्या चित्रांची ढगळ विजार विकत घेतली, ती घालून वर गेला, आणि तोच फोटो आता आमच्या फॅमिली ग्रुपचा डीपी आहे. सातवारी पातळातली आई मात्र कुणी न अडवता थेट वर.

आमचा टुकटुकवाला तिशीतला पोरगा होता, मोडकं इंग्लिश बोलायचा. बाबा शाळामास्तर होते म्हटल्यावर त्यानं हात जोडले आणि तिथनं पुढं त्यांना "लोक क्रू, लोक क्रू" म्हणायला लागला. क्रू म्हणजे गुरू. मग बाबांना नादच लागला. अंगकोर हे मूळ आपलं नगर, तोंडाला ते मुक म्हणतात ते आपलं मुख, समुद्राला सामुत. वहीत यादी करायला लागले, रोज संध्याकाळी त्या पोराकडनं तपासून घ्यायचे. शेवटच्या दिवशी आईनं त्याला कुंद्याचा अख्खा डबा दिला. त्यानं तिथंच एक घास खाल्ला आणि उरलेला बायकोसाठी म्हणून सीटखाली ठेवला.

बायोनच्या देवळाला मोठमोठे हसरे चेहरे आहेत चारी बाजूंनी, फोटोत सगळ्यांनी बघितलेले असतात. मला आवडल्या त्या खालच्या भिंती. सातव्या जयवर्म्या राजाच्या लढाया आहेतच, पण त्याच्या मधेमधे बाजार मांडलाय, कोण मासे भाजतंय, आणि एका ठिकाणी कोंबड्यांची झुंज, दोन माणसं कोंबडी पुढं धरून वाकलेली आणि मागं पैज लावणाऱ्यांची गर्दी. दादा म्हणाला, आपल्याकडच्या जत्रेतलीच माणसं आहेत ही, फक्त फेटे नाहीत.

ता प्रोम म्हणजे झाडांनी धरलेलं देऊळ. 1186 चं, ह्याच राजानं आईच्या नावानं बांधलेलं. मुळं अजगरासारखी छपरावरनं खाली उतरलीत, काही ठिकाणी झाड काढलं तर भिंत पडेल आणि ठेवलं तरी पडेल अशी गत. तिथली दुरुस्ती आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथल्या लोकांबरोबर केलीय, तिरंगा असलेला बोर्ड बघून बाबांची छाती फुगली. त्यातली उंच झाडं ज्या जातीची, ती जात आपल्या सह्याद्रीतही आहे म्हणे. मी आयुष्यभर जांबोटी-कणकुंबीच्या जंगलातनं ये-जा केली, कधी मान वर करून बघितलं नाही.

बंतेय स्रेईच्या देवळाला जाताना वाटेत रस्त्याकडेला चुलीवर मोठ्या कढया उकळत होत्या. आईनं टुकटुक थांबवायला लावलं. ताडाचा रस आटवून गूळ चालला होता. हुक्केरी-संकेश्वराकडची गुऱ्हाळं बघितलेला माणूस ह्यापुढं हलणारच नाही. कढई लहान, ताव चुलीचा, बाई लाकडी दांड्यानं सारखी घोटत होती, रंग पिवळट होत आला की उतरवून परत घोटायचं, मग ताडाच्या पानाच्या गोल कड्यांत ओतायचं. आई शेजारी उकिडवी बसली आणि खुणेनंच विचारलं की पाक झाला हे कसं ओळखता. त्या बाईनं गार पाण्यात एक थेंब टाकून दाखवला. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "आपल्यासारखंच." पाच किलो घेतला. वजनाचं मी बघतो म्हटलं आणि येताना विमानतळावर माझेच शर्ट बाहेर काढून हातात धरावे लागले.

बंतेय स्रेई छोटं देऊळ आहे, पण कोरीवकामात सगळ्यांच्या वरचढ. 967 सालचं, राजानं नाही तर यज्ञवराह नावाच्या त्याच्या दरबारातल्या माणसानं बांधलेलं. गुलाबी वालुकाश्म, आणि भोवतीचा कोट जांभ्याचा, खानापूरकडच्या घरांना असतो तसलाच भोकाभोकांचा. दादानं भिंतीवर हात ठेवून "चिरा हाय ओ हा" असं जाहीर केलं. 1923 मध्ये आंद्रे मालरो नावाच्या फ्रेंच तरुणानं इथल्या मूर्ती कापून नेल्या आणि पकडला गेला, पुढं तोच फ्रान्सचा संस्कृती मंत्री झाला! बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

एक दिवस आई-बाबांना हॉटेलात ठेवून मी आणि दादा प्रेह विहेअरला गेलो. सिएम रीपहून दोनशे किलोमीटर, शेवटचा डोंगर पिकअपच्या हौद्यात बसून चढायचा, कठडा घट्ट धरून. वर कड्याच्या टोकावर शिवाचं देऊळ, शिखरेश्वर, खाली पाचशे मीटरवर कंबोडियाचं सपाट रान. पण देवळाच्या पायऱ्या उतरतात थायलंडकडं. दोन देशांचं भांडण तिथंच. 1904 च्या करारात लिहिलं की पाणलोटाची रेषा ती हद्द, 1907 मध्ये फ्रेंचांनी नकाशा काढला त्यात देऊळ कंबोडियात, मग 1962 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टानं 9 विरुद्ध 3 मतांनी कंबोडियाच्या बाजूनं निकाल दिला, 2013 मध्ये परत एकदा निकालाचा अर्थ सांगितला, आणि तरी मिटलं नाही. आम्ही बेळगावची माणसं, आमचं 1956 पासून चाललंय आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आम्हाला ह्यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. दादा पायरीवर बसून म्हणाला, "नकाशा काढणारा कधी इथं राहायला येतो काय रे?" तिथं एक जवान झाडाखाली बसून नूडल्स खात होता, त्यानं आम्हाला बसायला जागा करून दिली. 2025 च्या जुलैत ह्या हद्दीवर तोफा चालल्या, टीव्हीवर ते बघताना मला त्या नूडल्सवाल्याचीच आठवण येत होती. आता जायचं तर आधी नीट चौकशी करा, आणि थायलंडहून रस्त्यानं कंबोडियात शिरायचा बेत तर आखूच नका.

टोनले साप तळं नोव्हेंबरात तुडुंब असतं. पावसाळ्यात मेकाँग नदीचं पाणी इतकं चढतं की तळ्यातनं निघणारी नदी उलटी वाहायला लागते आणि तळं पाचपट पसरतं. कांपोंग फ्लुक गावातली घरं उंच खांबांवर, आम्ही गेलो तेव्हा पाणी पायऱ्यांना लागलेलं, शाळेतली पोरं नावेतनं घरी चाललेली. नदी परत सुलट व्हायच्या सुमारास त्यांचा पाण्याचा सण असतो, महिन्याचं नाव कादेक, म्हणजे कार्तिक, आणि दिवस पौर्णिमेचा. आपली त्रिपुरी पौर्णिमा! त्या दिवशी आम्ही राजधानीत, नॉम पेन्हला होतो. राजवाड्यासमोर नदीत लांबच लांब होड्यांची शर्यत, रात्री दिव्यांनी सजवलेले तराफे, आणि गर्दी अशी की आईचा हात मी दोन तास सोडला नाही.

नॉम पेन्हमध्येच तुओल स्लेंग आहे. मूळची शाळा. 1975 ते 79 मध्ये ख्मेर रूज नावाच्या तिथल्या कम्युनिस्ट राजवटीनं तिथं तुरुंग केला, हजारो माणसं आत गेली, जिवंत बाहेर आलेली बोटावर मोजण्याइतकी. वर्गांमध्ये विटा रचून अरुंद कोंडवाडे केलेत. फरशी शाळेचीच. एका खोलीत भिंतीला अजून फळा आहे. बाबा फळ्यासमोर उभे राहिले, नंतर बाहेर जाऊन अंगणातल्या बाकावर बसले, आणि त्या दिवशी यादीची वही उघडली नाही. लहान मुलांना नेऊ नका. आम्ही पुतण्याला वहिनीबरोबर बाहेरच ठेवलं.

समुद्रकिनारे पण आहेत, कोह रोंग वगैरे, पण गोवा-कारवार उशाला असताना तिथं कशाला जायचं म्हणून सोडून दिले. खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी माणसाची पंचाईत, भाजीतसुद्धा माशाचं पाणी असतं, ऑर्डर देताना दोनदा सांगा. अमोक म्हणून केळीच्या पानात वाफवलेला नारळाच्या दुधातला मासा असतो, आम्ही तिघांनी रोज खाल्ला. आईनं दशम्या पुरवून पुरवून सात दिवस काढले.

गूळ कधीच संपला, निम्मा पुरणात गेला आणि निम्मा शेजारीपाजारी. ती वीसची नोट मात्र अजून घरात आहे. परत आल्यावर जिथनं घेतली त्याच दुकानात घेऊन गेलो, म्हटलं बदलून द्या. काउंटरवरच्या माणसानं नोट दिव्याकडं धरली, उलटी केली, बोटानं फाट दाखवली आणि म्हणाला, "फाटकी हाय की ओ ही, आम्ही घेत नाही असली."