टोंगळे दुखतात, तरी चालता कशाला?

"गुडघ्याची गादी झिजली म्हणता, मग रोज फुटाळा तलावावर चालता कशाला? उरलीसुरलीही घासून जाईल." जाऊबाई विचारतात, शेजारणी विचारतात, भाजीवालीही विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

मीही तेच मानत होते. गुडघा म्हणजे गाडीचं टायर, जपून वापरायचा. एक्स-रे काढल्यावर दीड वर्ष जपला. जिना बंद, टेकडीच्या गणपतीला जाणं बंद. वांगं, वाल बंद. आंबटाने वात वाढतो म्हणून संत्रीसुद्धा बंद! नागपुरात राहून दोन मृग बहार मी चाखले नाहीत. वजन मात्र ७९ वर गेलं.

मग इतवारीत नणंदेकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. त्यांच्याकडे जुना देशी संडास. बसले, आणि उठताच येईना. नळ धरला, भिंत धरली. गुडघे दुखत होतेच, पण थरथरत होत्या त्या मांड्या. बाहेर पंगत बसत होती, कोणीतरी मला शोधत होतं, आणि हाक मारायची लाज वाटत होती. किती वेळ गेला, सांगता येत नाही. शेवटी कशीबशी कडी काढली आणि हाक मारली. नणंदेच्या सुनेने काखेत हात घालून उठवलं, साडी नीट केली. ती कोणाला काही बोलली नाही. त्या दिवशी पुरणपोळी माझ्या घशाखाली उतरली नाही.

फिजिओथेरपीच्या बाईंनी मांडी दाबून पाहिली. बसून बसून ही वाळली, म्हणाल्या. सांध्याचा भार पेलायचा तो हिनेच. आणि त्या गादीला रक्तवाहिन्या नसतात, पाय हलला की सांध्यातलं पाणी आतबाहेर होतं, त्यावर ती जगते. म्हणजे दीड वर्ष मी तिला जपत नव्हते, उपाशी ठेवत होते.

आता गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून पाच मोजते, खुर्चीवरून हात न टेकता उठते, मग चालते. दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं राहिलं तर त्या दिवशी कमी. भात अर्धा केला, मोड आलेले मूग वाढवले, पोह्यांवरची तर्री रविवारपुरती. संत्री परत आणली. वजन ७२ आहे. एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार उतरतो, हिशेब तुम्हीच करा.

झिजलेलं भरून आलं, असं मी कुठे म्हणते? जिना उतरताना उजवा गुडघा अजून कळ काढतो. उद्या बदलावाही लागेल. दुखतं त्या रात्री वाटतंच, जाऊबाईंचं खरं तर नसेल? सकाळी तरी बूट घालते.

यंदाही महालक्ष्म्यांना नणंदेकडे गेले. चार तास होते. संडासाला गेले नाही.