साउथ पार्कची पंचविशी, आणि रेड रॉक्सला जाणाऱ्यांसाठी थोडं काही

'साउथ पार्क' या मोठ्यांसाठीच्या अमेरिकन कार्टून मालिकेचा पहिला भाग १३ ऑगस्ट १९९७ ला दाखवला गेला. मालिकेला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली तेव्हा ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या तिच्या दोघा कर्त्यांनी आपल्या राज्यात, कोलोरॅडोत, गाण्यांचा जाहीर कार्यक्रम लावला. जागा डेन्व्हर शहराजवळचं रेड रॉक्स हे डोंगरातलं खुलं नाट्यगृह, ९ आणि १० ऑगस्ट २०२२ अशा दोन रात्री, सोबतीला प्रायमस आणि वीन हे दोन बँड. मला दुसऱ्या रात्रीचं तिकीट मिळालं आणि मी डॅलसहून विमान पकडलं. तो कार्यक्रम आता पुन्हा होणार नाही. पण रेड रॉक्सवर उन्हाळाभर काही ना काही चालू असतं, आणि मालिकेच्या चाहत्यासाठी त्या भागात तेव्हापेक्षा आज जास्त बघण्यासारखं आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक सांगतो, कारण त्याशिवाय एका कार्टूनच्या गाण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, हे कळायचं नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मित्राच्या हार्ड डिस्कवरून ही मालिका आमच्या रूमवर आली. बाकीचे शिव्यांवर हसायचे, माझी गाणी पाठ व्हायची. पार्कर मुळात संगीताचा माणूस आहे. विनोद कितीही आचरट असो, खालची चाल चोख असते. मालिकेवरच्या १९९९ च्या चित्रपटातलं 'ब्लेम कॅनडा' हे त्याने संगीतकार मार्क शायमनबरोबर केलेलं गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. पुढे २०११ मध्ये पार्कर आणि स्टोन यांनी रॉबर्ट लोपेझ या संगीतकाराला सोबत घेऊन न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द बुक ऑफ मॉर्मन' हे संगीतनाटक आणलं, त्याला रंगभूमीवरचे नऊ टोनी पुरस्कार मिळाले. त्यामुळे ही गाणी खऱ्या वाद्यांवर, हजारो लोकांत बसून ऐकायची माझी फार दिवसांची इच्छा होती.

आता प्रवासाचं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईचं टोक साधारण ५,४०० फूट, म्हणजे विमानातून उतरलात की जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरच उतरलात. रेड रॉक्सची वरची बाजू ६,४५० फुटांवर आहे, म्हणजे आणखी हजार फूट वर. अंगात ताप नाही, सर्दी नाही, तरी दोन जिने चढल्यावर धाप लागते आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. माझा मावसभाऊ डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरात राहतो, त्याच्याकडे उतरलो होतो. विमानतळावरून घरी पोचल्यावर दादाने चहाच्या आधी पाण्याची बाटली हातात दिली. "आधी हे संपव. तहान लागायची वाट बघू नकोस, इथली हवा कोरडी आहे." तोच सल्ला मी पुढे देतो. शक्य असेल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोचा आणि एक रात्र शरीराला द्या. बिअर घेणार असाल तर नेहमीपेक्षा कमी घ्या, त्या उंचीवर ती लवकर चढते.

डेन्व्हरला कुणी ओळखीचं नसेल तर विमानतळावरून युनियन स्टेशनला थेट रेल्वे आहे, ३७ मिनिटांत शहराच्या मध्यात आणून सोडते. तिथून पुढे मात्र रेड रॉक्सला सरकारी बस किंवा ट्रेन जात नाही. रेड रॉक्स ज्या गावापाशी आहे ते मॉरिसन शहरापासून पंधरा मैलांच्या आसपास आहे. भाड्याची गाडी किंवा शहरातून निघणाऱ्या खासगी शटल बस, हे दोन खरे पर्याय. जाताना टॅक्सी सहज मिळते, पण परतीला तिच्यावर भिस्त ठेवू नका. कार्यक्रम सुटल्यावर हजारो लोक एकदमच फोन काढतात, डोंगरात नेटवर्क आधीच कच्चं, आणि भाडं गगनाला भिडलेलं असतं. शटलची परतीची जागा आधी बुक करा, किंवा गाडी न्या आणि पिणार नाही असा एक जण ठरवून ठेवा.

गाडी नेणार असाल तर पार्किंगचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण गाड्या एकीमागे एक चिकटवून लावतात. पुढचा हलल्याशिवाय तुम्ही हलत नाही. आम्ही दुपारीच पोचलो, त्यामुळे वरच्या भागात जागा मिळाली. उशिरा येणाऱ्यांना खालच्या मैदानात लावून चढावं लागतं. ती चढण दिसते त्यापेक्षा बरीच दमवते. वयस्कर मंडळी किंवा गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर तिकीट काढतानाच अगदी पहिल्या किंवा अगदी वरच्या सत्तराव्या रांगेची चौकशी करा. अडचण असलेल्यांसाठी त्या जागा राखून ठेवलेल्या असतात. मधल्या रांगांना जायचं म्हणजे पायऱ्या आल्याच.

आणि त्या पायऱ्या चढून वर आलात की समोर जे दिसतं त्याला तोड नाही. दोन्ही बाजूंना तीनशे फुटांच्या घरात जाणारे तांबड्या वालुकाश्माचे कडे, एक शिप रॉक आणि दुसरा क्रिएशन रॉक. मधल्या उतारावर सत्तर रांगा, तळाशी रंगमंच. बांधकाम १९४१ मध्ये पुरं झालं, आराखडा बर्नहॅम हॉइट या वास्तुरचनाकाराचा. त्याने डोंगराला शक्य तितका कमी हात लावला, हे पायरीपायरीला जाणवतं. साडेनऊ हजार माणसं बसतात, आणि कुठेही बसलात तरी आवाज भिंतींवर आपटून गढूळ होत नाही. १९६४ मध्ये बीटल्स इथे वाजवून गेले. प्रेक्षकांचं तोंड पूर्वेला असतं, म्हणजे मावळतीचं ऊन तुमच्या पाठीवर आणि समोरच्या दगडावर. अंधार पडला की रंगमंचाच्या मागे, दूर सपाटीवर, डेन्व्हरचे दिवे लागतात. मी स्वतः तिकीट काढताना मधल्या रांगांना पसंती दिली. फार पुढे बसलात तर माणसं जवळून दिसतात पण हा सगळा देखावा नीट दिसत नाही.

बसायला पाठ नसलेल्या लाकडी फळ्या आहेत. घडी होणारी उशी किंवा जाड चादर न्या. बॅग एकाच कप्प्याची, मऊ कापडाची आणि बेताच्या आकाराची हवी. खूप खिसे असलेली पाठीवरची सॅक दारातूनच परत पाठवतात. पाण्याची सीलबंद किंवा रिकामी बाटली चालते, काच चालत नाही. नियम कार्यक्रमागणिक थोडे बदलतात, तेव्हा निघण्याआधी रेड रॉक्सच्या संकेतस्थळावर नजर टाका. छत्री नेऊ देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून. त्यामुळे घडी करून खिशात मावेल असा रेनकोट हवाच. ऑगस्टमध्ये तिकडे दुपारनंतर ढग जमतात आणि बघता बघता विजा चमकायला लागतात. पाऊस आला तरी कार्यक्रम सहसा रद्द होत नाही. पण या वादळांना हलक्यात घेऊ नका. जून २०२३ मध्ये याच ठिकाणी एका कार्यक्रमाच्या वेळी एवढ्या मोठ्या गारा पडल्या की शंभरच्या आसपास लोक जखमी झाले. आसरा घ्यायला सांगितलं तर मुकाट्याने गाडीत जाऊन बसायचं. आणि दिवसा कितीही उकडलं तरी रात्री वारा सुटतो, स्वेटर लागतो.

आमच्या रात्री मात्र स्वेटर सोडा, कित्येक जण भर उन्हात केनीचा नारिंगी पार्का, म्हणजे जाड कोट, घालून, हुड आवळून फिरत होते. (केनी, काइल आणि कार्टमन ही मालिकेतली मुख्य पोरं.) आमच्या पुढच्या रांगेत काइलची हिरवी कानटोपी घातलेली मुलगी होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते, दर पाच मिनिटांनी टोपी काढून ती वारा घ्यायची आणि कुणी फोटो मागितला की लगेच परत चढवायची. कार्टमनच्या लाल जॅकेटातले तर बापलेक एकत्र आलेले दिसले. पार्किंगमध्येच लोकांनी गाड्यांची मागची दारं उघडून खाणंपिणं मांडलं होतं. अनोळखी माणूस सँडविच पुढे करत होता आणि तुमचा आवडता भाग कोणता म्हणून विचारत होता. आम्ही दोघंच मराठी असू, पण परकेपणा क्षणभरही वाटला नाही.

प्रायमसचा लेस क्लेपूल बास गिटार घेऊन उभा राहिला आणि मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं तेव्हा अख्खा डोंगर उभा राहिला. ही चाल त्यांचीच, १९९७ पासूनची. टीव्हीवर ती अर्ध्या मिनिटात संपते, स्पीकरही बारकेच असतात, त्यामुळे बास नुसती गुणगुण वाटते. इथे तो लाकडी फळीतून पायात येत होता. त्या बासचं चमत्कारिक ठेचकाळणं, मुद्दाम तिरकं पडणारं बोट, हे मी इतकी वर्षं ऐकूनही मला नीट ऐकूच आलं नव्हतं. पार्कर गायला पुढे आला की जाणवतं, माणूस खरा गवई आहे. कार्टमनच्या किनऱ्या आवाजातही सूर सुटत नाही. काइलच्या आईवरचं ते बदनाम गाणं लागलं आणि हजारो माणसांनी शब्दन् शब्द म्हटला. माझ्यासारखे लोक आपापल्या खोलीत बसून जे पाठ करतात ते इतक्या जणांना पाठ आहे, याचा आनंद मला अजून पुरतो आहे.

पण त्या रात्रीचं सगळ्यात मोठं देणं वेगळंच होतं. रश या कॅनडाच्या बँडचे गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन रंगमंचावर आले. रशचा शेवटचा कार्यक्रम १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसला झाला होता. त्यांचा ड्रमर नील पर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला, आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं की आता हे दोघं एकत्र वाजवताना दिसायचे नाहीत. ते आले आणि प्रायमसच्या सोबतीने, मॅट स्टोन ड्रमवर असताना, त्यांनी 'क्लोजर टू द हार्ट' वाजवलं. यामागचे धागे माहीत असले की हा प्रसंग आणखी उलगडतो. २००७ च्या दौऱ्यात रशने आपल्या मैफलीत साउथ पार्कच्या पोरांची एक खास चित्रफीत वापरली होती, तिच्यात कार्टमन रशचं गाणं म्हणतो. आणि प्रायमस २०२१ पासून दौऱ्यावर रशचा १९७७ चा पूर्ण अल्बम वाजवत होते, त्यातलंच हे गाणं. म्हणजे पाहुणे ऐन वेळी आणून बसवलेले नव्हते, त्यांचं आणि या मालिकेचं नातं पंधरा वर्षांचं होतं.

आमच्या डाव्या हाताला एक पन्नाशीचा गृहस्थ होता, तोवर शांत बसलेला. पहिल्या सुरांनाच त्याने दोन्ही हात तोंडावर धरले आणि मग मांडीवर बोटांनी ड्रम वाजवायला लागला. एकेक ठोका बरोबर, मध्येच येणारी उचलही. दादाला रशचं एकही गाणं माहीत नव्हतं. त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "अरे, हे कोण आहेत? सगळे रडतायत का?" मी नंतर सांगतो म्हणालो. घरी जाईपर्यंत तेच सांगत होतो.

सुटल्यावर घाई करू नका. गाड्यांची रांग हलायला बराच वेळ लागतो. आम्ही गाडीपाशी थेपले आणि थर्मासमधला चहा काढून बसलो आणि गर्दी ओसरल्यावर निघालो. हा कार्यक्रम १३ ऑगस्टला टीव्हीवरही दाखवला गेला, त्यामुळे ज्यांना जायला जमलं नाही त्यांनी तो कुठे मिळाला तर बघावा. मात्र आईवडील भारतातून आलेले असतील किंवा घरात लहान मुलं असतील तर सगळ्यांसमोर लावू नका. गाण्यांतली भाषा शेवटी साउथ पार्कची आहे.

फिरायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेड रॉक्सला परत या. कार्यक्रम नसताना आत जायला तिकीट नाही. पहाटेपासून लोक त्याच पायऱ्यांवर व्यायाम करताना दिसतात, आणि वरच्या बाजूला इमारतीत इथे वाजवून गेलेल्या कलाकारांचं छोटं प्रदर्शन आहे. फक्त त्या संध्याकाळी कार्यक्रम असेल तर दुपारी रंगमंचाचा भाग बंद करतात.

डेन्व्हरला लागूनच असलेल्या लेकवूडमधलं कासा बोनिता हे गुलाबी मनोऱ्याचं मेक्सिकन रेस्टॉरंट मालिकेत २००३ च्या एका भागात आलं आणि जगभर माहीत झालं. आत खोटा कडा, धबधबा आणि त्यावरून पाण्यात सूर मारणारे जलतरणपटू, हे सगळं तिथे खरंच आहे. मी गेलो तेव्हा ते बंद होतं. पार्कर आणि स्टोन यांनी २०२१ मध्ये ते विकत घेऊन दुरुस्तीला काढलं होतं, आणि २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं. आता जाणाऱ्यांनी आधी ऑनलाइन जागा राखून ठेवावी.

एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर २८५ नंबरच्या रस्त्याने फेअरप्लेला जा. वाटेत कॉनिफर लागतं, पार्करचं बालपण तिथलं. मग रस्ता केनोशा खिंडीत दहा हजार फुटांवर चढतो आणि पलीकडे एकदम डोंगरांनी वेढलेलं मोठं सपाट गवताळ खोरं उघडतं. त्या खोऱ्याचंच नाव साउथ पार्क. फेअरप्ले गाव जवळजवळ दहा हजार फुटांवर आहे, तेव्हा इथे पाण्याचं आणि हळू चालण्याचं पथ्य दुप्पट पाळा. गावात साउथ पार्क सिटी नावाचं खुलं संग्रहालय आहे, सोन्याच्या खाणींच्या काळातली लाकडी घरं आजूबाजूहून आणून तिथे मांडली आहेत. मालिकेशी त्याचा संबंध नाही, पण कार्टूनमधला तो मुख्य रस्ता आणि मागचे बर्फाचे डोंगर कुठून आले ते तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं. संग्रहालय साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडं असतं. पेट्रोल डेन्व्हरमध्येच भरून घ्या, आणि दुपारच्या वादळांच्या आधी खिंड उतरून परत येता येईल अशा बेताने सकाळी लवकर निघा.