बंद पडणार म्हणून सांगितलेला फोन मी का घेतला

२०११ च्या दिवाळीनंतर कंपनीने फील्डवरच्या लोकांचे फोन बदलायचं ठरवलं. मर्यादा पंचवीस हजारांची, वरचे पैसे आपल्या खिशातून, आणि पुढची तीन वर्षं दुसरा फोन मागायचा नाही. मी तेव्हा पंपांच्या सर्व्हिसिंगला होतो. घर आणि ऑफिस पुण्यात, पण काम माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या पाणीपुरवठा योजनांवर. जॅकवेलवर, म्हणजे पंप बसवलेल्या पाणी उपसायच्या विहिरीवर, उभं राहून मोटरच्या आवाजात बोलायचं, आणि रेंज गेली की जवळचं टेकाड गाठायचं.

आज हाच प्रश्न पडला तर निवड दोघांतच करायची असते. तेव्हा पाच जण रिंगणात होते: ब्लॅकबेरी, आयफोन, अँड्रॉइड, नोकियाचं सिंबियन आणि नुकतंच नोकियाच्या फोनांवर येऊ लागलेलं विंडोज फोन. ऑफिसात प्रत्येकाचा एकेक भक्त होता. सेल्सचे साहेब ब्लॅकबेरीवाले. त्यांचं म्हणणं, "कस्टमरसमोर टेबलावर ठेवायला दुसरा फोन नाही." हा मुद्दा माझ्या कामाचा नव्हता. जॅकवेलवर टेबल नसतं.

आधी आयटीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, मेल एक्सचेंजवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर, आहे, ज्यात एक्सचेंज चालतं ते काहीही आणा. एवढ्याने फारसं काही गळलं नाही. आयफोनवर एक्सचेंज २००८ पासून चालत होतं, अँड्रॉइडवर चालत होतं, नोकियावर 'मेल फॉर एक्सचेंज' होतं. अडायचं ते ब्लॅकबेरीपाशी. ती पद्धतच निराळी: मेल त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेतून फिरून यायचा, त्यासाठी कंपनीने वेगळा सर्व्हर बसवायचा किंवा सिमवर महिन्याचा वेगळा प्लॅन घ्यायचा. त्यात ऑक्टोबरात तीच यंत्रणा मधल्या एका स्विचपायी तीन-चार दिवस कोलमडली होती आणि भारतासकट अर्ध्या जगाचे ब्लॅकबेरी मेलविना बसले होते. पेपरात रोज बातमी. ब्लॅकबेरी माझ्या यादीतून तिथेच गेला.

आयटीवाल्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी नीट ऐकली. ऑफिसचा मेल फोनवर घेतला की लॉक कोड सक्तीचा, आणि फोन हरवला तर तो पुण्यात बसून सगळा फोन पुसू शकणार. सगळा म्हणजे मुलीचे फोटोसुद्धा. ऑफिसचं आणि घरचं वेगळं ठेवणारा कप्पा अँड्रॉइडमध्ये २०१४ ला, ५.० बरोबर आला; तेव्हा तशी काही सोय नव्हती. म्हणून फोटो दर रविवारी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सवय लावून घेतली.

आता माझी खरी अडचण. मला येणारी पत्रं मराठीत असायची. ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक किंवा पाणीपुरवठ्याच्या योजना बघणाऱ्या जीवन प्राधिकरणाचं उपविभागीय कार्यालय मेल पाठवायचं ते युनिकोड मराठीत, आणि त्यात कामाचं सगळं असायचं: कोणता पंप, किती हेड (म्हणजे पाणी किती उंच चढवायचं), कधीपासून बंद. फोनवर ते वाचता आलं नाही तर ऑफिसात फोन लावून कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार. त्यामुळे मी असंच एक पत्र स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवलं आणि तापकीर गल्लीत, लक्ष्मी रोडवर, जिथे जाईन तिथे नमुन्याच्या फोनवर ते उघडून पाहू लागलो. पत्रात 'कार्यकारी अभियंता', 'दुरुस्ती', 'विहिरीवरील' असे चांगले कसाला लावणारे शब्द होते.

अँड्रॉइड २.३ च्या बहुतेक फोनांवर त्या पत्राच्या नुसत्या चौकटी व्हायच्या. एका फोनवर अक्षरं आली, पण 'वि' मधली वेलांटी 'व' च्या पलीकडे जाऊन बसली होती आणि 'कार्य' मधला रफार सुटून 'र' पाय मोडून उभा होता. दुकानातला मुलगा हुशार होता. त्याने ऑपेरा मिनी उघडून पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' टाकलं आणि बिटमॅप फाँटचा पर्याय 'येस' केला. मराठी वर्तमानपत्र झकास दिसायला लागलं. त्या काळात फोनवर मराठी वाचणाऱ्या बऱ्याच जणांना ही युक्ती पाठ होती. पण ती फक्त त्या ब्राउझरपुरती. मेलमधल्या चौकटी जागच्या जागी. अँड्रॉइड ४.० ऑक्टोबरातच जाहीर झालं होतं आणि त्यात देवनागरी असणार होती. पण ते कोणत्या फोनला कधी मिळणार, हे दुकानदार छातीठोक सांगत होते ते निव्वळ विक्रीसाठी.

आयफोनवर पत्र पहिल्या फटक्यात स्वच्छ दिसलं. रफार, वेलांटी, जोडाक्षरं, सगळं जागेवर. मोह झाला, खोटं कशाला बोला. नवा ४एस नोव्हेंबरात भारतात आला होता तो ४४,५०० ला, म्हणजे जवळजवळ वीस हजार माझे. ते एक वेळ जमवले असते. पण बॅटरी काढता येत नव्हती. लोडशेडिंगच्या गावात, दिवसभर एसटी आणि जीप करून पोचल्यावर चार्जर लावायचा कुठे? पंपहाऊसमध्ये वीज असती तर मला बोलावलंच नसतं.

मग नोकियाचा ई६ पाहिला. खाली बटणांचा पूर्ण कीबोर्ड, वर छोटा टचस्क्रीन, आत सिंबियन. पत्र उघडलं, नीट दिसलं. मागचं झाकण काढलं तर आत बीपी-४एल बॅटरी. माझ्या जुन्या ई६३ मध्ये हीच होती, आणि घरी तिच्या जादाच्या दोन पडल्या होत्या. शिवाय नोकियाचे नकाशे २०१० पासून फुकट, महाराष्ट्राचा नकाशा आधी उतरवून घेतला की रेंज नसतानाही रस्ता दाखवणारे. जतच्या पूर्वेला याची किंमत काय, ते त्या बाजूला रात्री गेलेल्यालाच कळेल.

ऑफिसात कळल्यावर जो तो समजवायला आला. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी करार करून आपले पुढचे स्मार्टफोन विंडोजवर नेणार असं जाहीर केलं होतं. त्याच सुमाराला त्यांच्या प्रमुखाचं, स्टीफन एलॉप यांचं, कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र फुटलं होतं आणि त्यात त्यांनी स्वतःच्या कंपनीची अवस्था समुद्रातल्या पेटलेल्या तेलविहिरीसारखी सांगितली होती. "मालकच पेटलीय म्हणतोय आणि तू आत चाललायस?" असं मला आमच्या स्टोअरकीपरने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. माझा हिशोब एवढाच, की मला हा फोन तीन वर्षं चालवायचाय. दहा वर्षांनी कोणती कंपनी उरणार याच्यावर माझा पंप चालू होणार नव्हता. मेल, मराठी, बॅटरी आणि नकाशा आज फोनमध्ये होते, आणि कोणी जाहीर केलं म्हणून उद्या ते त्यातून निघून जाणार नव्हते. ज्यांना नवीन ॲप हवी होती त्यांच्यासाठी हा फोन नव्हताच. ते अँड्रॉइडला गेले आणि योग्य केलं.

जुन्या नोकियातून नव्यात नंबर आणि एसएमएस ब्लूटूथने चहा पिऊन होईपर्यंत आले. मेल लावायला मात्र आयटीवाल्यासमोर बसावं लागलं, कारण डोमेनचं नाव भरल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता.

कॅमेऱ्याचं एक सांगायला हवं. आठ मेगापिक्सेल, पण फोकस कायमचा एकाच जागी बांधलेला. लांबचं सगळं स्पष्ट, जवळचं धूसर. पंपाची नेमप्लेट जवळून टिपली की नुसता पुसट राखाडी चौकोन. त्यावर उपाय म्हणजे दोन पावलं मागे सरायचं, पूर्ण पंपाचा फोटो काढायचा आणि नंतर नेमप्लेटपुरता कापून घ्यायचा. सीरियल नंबर वाचता यायचा. फिटर लोकांना वाटायचं साहेब पंपाचे हौसेने फोटो काढतात.

जानेवारी २०१३ मध्ये नोकियाने सांगितलं की ८०८ प्युअरव्ह्यू हाच शेवटचा सिंबियन फोन. त्याआधी, जून २०१२ मध्येच, विंडोज फोन ८ जुन्या विंडोज फोनांना मिळणार नाही असं जाहीर झालं होतं, त्यामुळे "भविष्य बघून घे" म्हणणाऱ्यांतला, विंडोज फोन घेतलेला एक जण माझ्याच पंक्तीला येऊन बसला. ब्लॅकबेरीवाल्या साहेबांनी तोवर अँड्रॉइड घेतला होता.

२०१४ च्या अखेरीस पुढचा फोन मिळाला तो अँड्रॉइड. तेच प्राधिकरणाचं पत्र दुकानात उघडून पाहिलं, 'कार्यकारी अभियंता' व्यवस्थित दिसले. नंबर एक्सचेंजमध्ये होतेच, पासवर्ड टाकताच उतरले, मराठीत लिहिलेल्या नावांसकट. एसएमएस मात्र तिकडे नेण्याची सोय मला सापडली नाही. त्यांत ऑपरेटर लोकांनी पाठवलेली मोटरची रीडिंग्ज होती, ती बघून बघून वहीत उतरवून घेतली.