कांदे-बटाट्यांच्या टाकीत गप्पी

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पुण्याला लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या गॅलरीत एक काचेची टाकी होती. आत कांदे, बटाटे आणि लसणाच्या दोन माळा. काका होते तेव्हा तिच्यात मासे असायचे. "न्यायची तर ने, सहाशे दे. स्टँडही त्यातच," काकू म्हणाल्या. मी कांदे-बटाटे त्यांच्या पिशवीत भरून दिले आणि नवऱ्याला हाताशी घेऊन टाकी घरी आणली. सासूबाईंनी दारातच विचारलं, "यात काय ठेवणार?" मासे म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

अडीच फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. एक घनफूट म्हणजे साधारण 28 लिटर पाणी, म्हणजे काठोकाठ 88 लिटर. वरचे दोन इंच रिकामे सोडले तरी नुसत्या पाण्याचं वजन 75 किलोच्या वर, शिवाय काच आणि वाळू. गंजलेल्या स्टँडला घासून रेड ऑक्साइड मारायचं नवऱ्याने लगेच कबूल केलं, ते हा आकडा ऐकून.

माझी पहिली चूक म्हणजे मी थेट साफसफाईला बसले. काकांनी बोअरचं पाणी वापरलेलं असणार, कारण पाण्याच्या जुन्या रेषेवर क्षारांचा पांढरा पट्टा दगडासारखा बसला होता. साबण लावायचा नाही एवढं ठाऊक होतं, तो सांध्यांमधल्या रबरासारख्या सिलिकॉनमध्ये मुरून राहिला तर माशांना भोवतो. मग टिश्यू पेपर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पट्ट्यावर चिकटवले, तासभर ठेवले आणि ओल्या काचेवर ब्लेड तिरकं धरून खरवडलं. असं तीन संध्याकाळी. कडेच्या सिलिकॉनला निळसर झाक होती, ती काही गेली नाही. मिथिलीन ब्लू नावाचं माशांचं औषध वापरलं की सिलिकॉन असं निळं होतं. काकांचे मासे कधीतरी आजारी पडले होते तर.

चौथ्या दिवशी काच लख्ख झाली. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली, त्यांवर टाकी ठेवून पाणी भरलं. पाऊण तासात डाव्या कोपऱ्याखालचा कागद काळा पडला.

ज्या गोष्टीने सुरुवात करायची ती मी शेवटी केली होती. जुनी टाकी आणली की आधी पाणी भरून दोन दिवस बघायचं, मग घासत बसायचं. कोपऱ्यापाशी सिलिकॉनला बारीक चीर दिसली. ती जुनी की माझ्याच ब्लेडचा प्रताप, यावर मी घरात मतप्रदर्शन केलं नाही.

बाथरूमच्या सिंकसाठी आणलेली अर्धी ट्यूब कपाटात होती. टाकी रिकामी करून पुसली, चिरेवर सिलिकॉनचं ठिगळ लावलं, दोन दिवस थांबले, पुन्हा पाणी भरलं. यावेळी कागद भिजायला दोन तास लागले.

स्टेशनजवळच्या काचवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला आणि एकदम दोन चुका काढल्या. "ताई, जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. आतली पट्टी सगळी सोलायची, मगच नवी भरायची. आणि हे बाथरूमवालं? त्यात बुरशीचं औषध असतं. मासे मरतील." काचांच्या कडा एकमेकींना ज्या सिलिकॉनने चिकटलेल्या असतात ते वेगळं, आणि आतून कोपऱ्यात भरलेली पट्टी वेगळी, हेही त्यानेच समजावलं. कडांचा जोड शाबूत होता म्हणून टाकी उलगडून पुन्हा जोडावी लागणार नव्हती. ते काम माझ्या आवाक्यातलं नाही, मी सरळ टाकी पुन्हा कांद्यांना देऊन टाकली असती.

तळाचे चार सांधे आणि उभे चार. ब्लेड काचेला सपाट लावून पट्टी सोडवायची, मग चिमटीत धरून ओढायची. कधी वीतभर सुळकन निघते, तेव्हा फणसाचा गरा निघाल्यासारखं बरं वाटतं. बहुतेक वेळा मात्र नखाएवढे तुकडे. नजरेला काच स्वच्छ दिसते, बोट फिरवलं की रबरासारखं काहीतरी अडखळतं. जिथे बोट अडतं तिथे नवं सिलिकॉन सुटणार, म्हणून मी डोळे मिटून बोटानेच तपासत गेले. दोन रविवार गेले. शेवटी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून सगळ्या कडा पुसल्या. नेलपॉलिश रिमूव्हर हाताशी होतं, पण त्यात तेलकट अंश असतो, म्हणून ते बाजूलाच ठेवलं.

जुलैचा पाऊस कोसळत होता. वाटलं, या दमट हवेत सिलिकॉन वाळणार कसं? उलट ते वाळतं ते हवेतल्या बाष्पामुळेच. काच मात्र कोरडी ठणठणीत हवी, म्हणून रात्रभर पंखा लावून ठेवला.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली आणि बुरशीचं औषध नसलेलं, साधं पारदर्शक सिलिकॉन गनमध्ये भरलं. या कामात उसंत नाही. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते, त्याच्या आत पट्टी भरायची, हातमोजा घातलेलं बोट एका दमात कोपऱ्यातून फिरवायचं आणि लगेच टेप ओढून काढायची. पहिल्या सांध्याला मी मध्येच थांबून "बरं झालंय ना?" बघत बसले. साय धरली आणि टेपबरोबर पट्टीची कडही उचलली गेली. तो सांधा पुन्हा सोलला. पुढचे सात नवऱ्याने टेप ओढायची आणि मी बोट फिरवायचं, अशा जुगलबंदीत झाले. घरभर व्हिनेगरचा आंबूस वास. तो ॲसिटिक ॲसिडचा असतो, सिलिकॉन वाळताना सुटतो. सासूबाई देवघराचं दार लावून बसल्या. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, मी टाकीला हात लावला नाही.

पुन्हा वर्तमानपत्रं, पुन्हा पाणी. दोन दिवस कागद कोरडा. दुसऱ्या रात्री मी अडीच वाजता उठून टॉर्चने बघितलं, हे कुणाला सांगितलं नाही.

टाकी हॉलमध्ये आली. स्टँड पाणसळ लावून सरळ केला, खाली थर्माकोलची शीट घातली, कारण तळाखाली एखादा खडा राहिला तरी काच तडकू शकते. धुतलेली वाळू, स्पंज फिल्टर, त्याला नळीने हवा देणारा पंप, पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब. आणि मासे नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू स्पंजावर, वाळूवर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकायचं, म्हणजे ते कुजून अमोनिया सुटतो. घरी येणारा प्रत्येक जण वाकून मासे शोधायचा. गणपतीत तर मी उत्तर देऊन थकले. ठाण्याच्या मैत्रिणीने तिच्या चालू टाकीतला मळका, जिवाणू आधीच वस्तीला असलेला स्पंज पिशवीत घालून दिला, तो मी लोकलच्या गर्दीत मांडीवर धरून आणला. त्यानंतर दहा दिवसांत टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य.

मासे म्हणून गप्पी आणले. आमच्याकडचं जड, म्हणजे क्षारांचं, पाणी त्यांना मानवतं. डासांच्या अळ्या खायला पालिकेचे लोक विहिरीत सोडतात ते हेच, एवढं सासूबाईंना माहीत होतं. "म्हणजे कामाचे आहेत," त्या म्हणाल्या. सहाही नर घेतले. माद्या आणल्या असत्या तर पुढच्या गणपतीत प्रत्येक पाहुण्याला पिशवीभर पिल्लं वाटावी लागली असती.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री वीज गेली. पहाटे उठले तर स्टँडखाली पाण्याचं थारोळं आणि टाकीची पातळी दीड इंच खाली. मी आठही सांध्यांवर बाहेरून बोट फिरवलं, कोरडे. पुन्हा फिरवलं. सगळं सोलायचं पुन्हा, या विचाराने मी तिथेच फरशीवर बसले.

सासूबाई चहाचा कप घेऊन बाजूला येऊन उभ्या राहिल्या. खालच्या फळीवर ठेवलेल्या पंपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याच्यातून ठिबकतंय बघ. रॉकेलच्या डब्यातून आम्ही नळी लावून असंच काढायचो." पंप बंद पडल्यावर पाणी हवेच्या नळीतून उलटं खाली आलं होतं.

पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह वीस रुपयांना मिळाला. तो आणेपर्यंत सासूबाईंनी पंप उचलून शोकेसच्या वर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवला होता, खाली जुना टॉवेल घडी घालून.