आमची वाटचाल : लायनरमध्ये मांडलेली उधारी

आण्णांनी 1982 मध्ये कोल्हापुरात उद्यमनगरात एक लेथ टाकला. पुढं भट्टी आली, आणि आम्ही सहा-आठ हॉर्सपॉवरच्या स्लो स्पीड डिझेल इंजिनांचे लायनर, म्हणजे ज्यात पिस्टन खालीवर होतो त्या ओतीव नळ्या, करायला लागलो. विजेच्या मोटारी आल्या तशी ती इंजिनं इथं मागं पडली. आफ्रिकेत मात्र मक्याच्या गिरण्या अजून त्यांच्यावरच चालत होत्या. 2005 मध्ये झिम्बाब्वेतून, हरारेहून पहिली ऑर्डर आली. डीलर मूळचे गुजराती, तिकडची तिसरी पिढी. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो.

जून 2007 मध्ये तिथल्या सरकारनं महागाई रोखायला म्हणून दुकानदारांना भाव जवळजवळ निम्म्यावर आणायला लावले. न ऐकणाऱ्यांची धरपकड झाली. शेठच्या दुकानातले आमचे 400 लायनर दोन दिवसांत गेले, तेही आयात करायला पडले त्याहून स्वस्तात. गल्ल्यातल्या नोटांचे डॉलर करेपर्यंत त्यांची रद्दी झाली. इकडं निर्यातीचा पैसा मुदतीत आला नाही म्हणून बँकेची पत्रं सुरू. आण्णा म्हणाले, "जाऊन ये. पैसे नाही मिळाले तर माणूस तरी कळंल."

ऑक्टोबर 2008 मध्ये जोहान्सबर्गहून बसनं निघालो. सरहद्दीच्या अलीकडं मुसिना गावात सगळी बस उतरून बाजाराला गेली. तेल, साखर, साबण, मक्याचं पीठ. टपावर पोत्यांचा डोंगर झाला. मीही पाच लिटर तेलाचा कॅन घेतला. घरनं गूळ नेला होताच, पण शेठच्या घरी वहिनींनी आधी तेलाचा कॅन उचलून आत नेला.

ऑगस्टमध्येच चलनावरची दहा शून्यं उडवली होती, तरी नवी शून्यं परत चढली होती. नोटांना 'बेअरर चेक' म्हणत आणि त्यांवर चक्क मुदत छापलेली असे, औषधाच्या बाटलीसारखी. जुलैत महागाईचा सरकारी आकडा वर्षाला 23 कोटी 10 लाख टक्क्यांवर गेला. त्यानंतर सरकारनं आकडे देणंच बंद केलं. महागाईचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. 2000 पासून मोठ्या शेतजमिनी ताब्यात घेतल्यावर तंबाखूचं उत्पन्न घसरलं, परकीय चलन आटलं आणि खर्च भागवायला नोटा छापणं चालूच राहिलं.

मी उधारीची गोष्ट काढली, तेव्हा शेठनी टेबलाखालनं एक लांबडी वही काढली. गिरणीवाल्यांची खाती. रकमेच्या रकान्यात रक्कम नव्हतीच. 'लायनर 2, पिस्टन 1', 'लायनर 6'. कुणी फेड केली असेल तर समोर डिझेलची कुपनं किंवा मक्याच्या बादल्या. खेड्यातले गिरणीवाले दळणाची मजुरीही मक्यातच घेत. आपल्याकडं बलुतेदाराला सुगीत धान्य मिळायचं, तसंच. शेवटच्या पानावर आमचं नाव होतं : 'कोल्हापूर, लायनर 400'. सही नाही, शिक्का नाही. मी रिकाम्या हातानं परतलो आणि आण्णांना म्हणालो, पैसे येतील.

जानेवारी 2009 मध्ये शंभर ट्रिलियनची नोट निघाली. आपल्या हिशेबात एक कोटी कोटी. पुढच्याच महिन्यात परकीय चलन सर्रास वापरायला मुभा मिळाली आणि शेठनी वर्षभरात तीन हप्त्यांत 400 लायनरचे डॉलर चुकते केले.

डॉलरचीही एक गंमत. सुटी नाणी नव्हती, म्हणून वाण्याकडं परत मिळायची चॉकलेटं, नाहीतर चिठ्ठी. एका डॉलरच्या नोटा इतक्या मळायच्या की बायका त्या साबणानं धुऊन दोरीवर चिमट्यांनी लावत. 2014 मध्ये तिथं रुपयालाही अधिकृत मान्यता मिळाली. आम्ही इथं पेढे वाटले. शेठना गल्ल्यात एकदाही रुपया दिसला नाही.

खरा फटका बसला तो पुढं, आणि चूक आमची होती. डॉलरचा देश म्हटल्यावर आम्ही पुन्हा उधारीवर माल सोडू लागलो. 2016 पासून तिथं खात्यात डॉलर दिसायचे, पण बाहेर पाठवता यायचे नाहीत. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच शिल्लकेचं स्थानिक चलन झालं. सुरुवातीला डॉलरला अडीच, वर्षअखेर 16 च्या पुढं. आमचे 11 हजार डॉलर त्यात विरघळले. शेठचे त्याहून कितीतरी जास्त. यावेळी वही लायनरमध्ये नव्हती, डॉलरमध्ये होती. ते मला अजून डाचतं. आण्णा तोवर राहिले नव्हते, एवढं बरं.

आता पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय पेटी बांधत नाही, आणि कोटेशनची मुदत सात दिवस. शेठचा मुलगा दुकान बघतो. एप्रिल 2024 मध्ये तिथं 'झिग' नावाचं आणखी एक चलन आलं. त्यानं कोऱ्या नोटेचा फोटो पाठवला. मी काही लिहायच्या आत दुसरा मेसेज आला : "काका, 60 लायनर किती दिवसांत?"